कापड, कामगार आणि नदी



चालकांनी आम्हांला जे पत्र धाडले त्यात ‘वस्त्रोद्योगाचे सामाजिक, सांस्कृतिक व पर्यावरणीय महत्त्व’ असा विषय लिहिलेला होता. विषय भारदस्त आहे. या व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, डॉक्टर बोलतात, त्यांना तो शोभलाही असता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढचे जे काही झाले ते मागाच्या शेडमध्ये आणि युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटातील पुस्तकांवर. तेव्हा महत्त्व पटवून देण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. अंगावर कापड असलेल्या माणसाला कापडाचे महत्त्व सांगावे लागत नाही. आम्हांला आयुष्यात एकच विद्या थोडीफार साधली, ती म्हणजे मजुरीचा हिशेब. आज तोच हिशेब आपल्यासमोर मांडावा असा विचार आहे. एक मीटर कापडाची किंमत कोण कोण देतो, आणि त्यातली कोणती रक्कम दुकानदाराच्या बिलात कधीच येत नाही, एवढाच आमचा विषय.

मीटर म्हटले म्हणून मीटरपासूनच आरंभ करू. इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराची मजुरी ठरते ती पिकावर. हे पीक शेतातले नव्हे. कापडाच्या एका इंचात जितके आडवे धागे बसतात तितके त्याचे पिक. बावन्न पिकाचे कापड म्हणजे इंचाला बावन्न आडवे धागे. एका मीटरचे इंच होतात एकोणचाळीस आणि वर थोडे. गुणाकार केला तर २,०४७ हा आकडा येतो. म्हणजे आपल्या सदऱ्याच्या कापडाचा एक मीटर विणून व्हायला लाकडी धोट्याला मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन हजारांहून अधिक वेळा धावावे लागते, आणि तितक्याच वेळा फणीला तो धागा ठोकून बसवावा लागतो. साधा माग मिनिटाला सव्वाशेच्या आसपास धोटे मारतो. बारा तासांची पाळी धरली, कामगाराकडे सहा माग धरले, तर त्याच्या कानाशी एका पाळीत पाच लाखांवर ठोके पडतात. धागा तुटतो, कांडी संपते, वीज जाते, तो वेळ वजा करा. तरी हिशेब लाखांतच राहतो.

आठ तासांसाठी नव्वद डेसिबल ही आवाजाची मर्यादा नियमात घालून दिलेली आहे. धोट्याच्या मागांची शेड तिच्या पुढेच असते, आणि आमची पाळी आठ तासांची नसून बाराची असते. दहा-पंधरा वर्षे काम केलेला कामगार घरी बोलतो तेव्हा शेजाऱ्याला वाटते नवरा-बायकोचे भांडण जुंपले. शेडमध्ये आम्ही हातांनी बोलतो. कांडी हवी, जॉबरला बोलाव, मालक आला, चहा आला, या प्रत्येकाला खूण आहे. पाहुण्याला ही मुक्यांची शाळा वाटते. आवाजाने येणारे बहिरेपण हा नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात धंद्याचा रोग म्हणून नोंदलेला आहे. कापसाच्या धुळीने छातीला जडणारा रोगही तिथेच आहे. तो विणकामापेक्षा सूतगिरणीच्या पहिल्या खात्यांत, जिथे कापूस पिंजला जातो, तिथे अधिक. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, आणि आठवडा सरकत जातो तसा त्रास सुरुवातीला कमी झाल्यासारखा वाटतो. म्हणून कामगार म्हणतो, ‘सुट्टी मानवत नाही.’ असे म्हणणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. परंतु नुकसानभरपाई मागायची तर आपण कुणाच्या नोकरीत आहोत हे प्रथम सिद्ध करावे लागते, आणि यंत्रमागाच्या धंद्यात तेच सर्वांत कठीण.

कठीण का, ते सांगितले पाहिजे. आपल्याला वाटत असेल की मालक आणि कामगार असे दोनच पक्ष. इचलकरंजीत तसे नाही. सूत घेणारा आणि कापड विकणारा व्यापारी वेगळा. त्याचे सूत घेऊन त्याला कापड विणून देणारा तो खर्चीवाला यंत्रमागधारक. विणून देण्याचा जो दर त्याला मिळतो त्याला ‘खर्ची’ म्हणतात. त्यातून तो वीजबिल भरतो, सुटे भाग आणतो, कर्जाचा हप्ता देतो, आणि उरले त्यात मजुरी. पुष्कळदा तो स्वतःच कालपर्यंत कामगार होता. आजही रातपाळीला कामगार आला नाही तर मुलाला हाताशी घेऊन माग चालवतो. अशा माणसाविरुद्ध ‘भांडवलशाही मुर्दाबाद’ म्हणताना आमचाही आवाज थोडा खाली येतो, ही गोष्ट आम्ही लपवत नाही. दर ठरवणारा बाजारात बसलेला असतो आणि शेडमध्ये कधी येत नाही. शिवाय कायद्याला कारखाना म्हणजे अमुक इतकी माणसे. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा माणसे ही रेषा होती. मग एका छपराखाली मध्ये विटांची भिंत घालायची, अलीकडचे माग भावाच्या नावावर, पलीकडचे बायकोच्या, आणि कुठेही दहा भरायचे नाहीत. एवढ्याने कायदा बाहेर उभा राहतो.

हा धंदा असा विखुरलेला आधीपासून नव्हता. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला, आणि संस्थानचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्याला उत्तेजन होते, हे खरे. तथापि कापडाची राजधानी मुंबई होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. त्याच १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला डांबरातून निघणाऱ्या पदार्थांशी खटपट करताना जांभळा रंग हाती लागला. तोवर रंग झाडापाल्याचा होता: निळीचा, मंजिष्ठेचा, आलाच्या मुळांचा. आमची गिरणी आणि कारखान्यातला रंग एकाच वर्षी जन्मले हा निव्वळ योगायोग आहे; पण नदीशी या दोघांची गाठ पुढे कायमची पडली. जुने तेवढे सोने असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १८५९ साली बंगालच्या शेतकऱ्यांनी बंड केले ते त्या झाडापाल्याच्या निळीपायीच.

गिरण्यांनी मुंबईला काय दिले हे आपणांस ठाऊक आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरची माणसे खोल्यांतून दाटीवाटीने राहिली. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-बारा माणसे. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीवर रातपाळीवाला. गावची पंचमी, गावचे भजनी मंडळ, गावचा तमाशा, कोकणचे नमन आणि दशावतार, सारे लालबाग-परळात आले. खानावळवाल्या बायका होत्या. त्यांनी चाळीस-पन्नास माणसांचे डबे भरले, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले, नारायण सुर्वे गिरणीत राबले. साहित्य संमेलनांतून ‘जीवनाशी भिडलेले वाङ्मय’ असे ज्याला म्हणतात त्यातले बरेचसे भोंग्याच्या वेळेवर झोपलेल्या आणि उठलेल्या माणसांनी लिहिले. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. वर्षाला एक दिवस असा हिशेब त्या निरक्षर माणसांनी केला.

रविवारची सुट्टीही आकाशातून पडली नाही. जोतीराव फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा घेतली. मागण्या कोणत्या होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज या सभागृहात रविवारी जी गर्दी होते तिचे थोडे श्रेय लोखंड्यांकडे जाते.

मागणीपत्रकांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण आमचे सारे म्हणणे तिच्यावर टेकलेले आहे. गिरण्यांत अस्पृश्य समाजाच्या कामगारांना सूतकताईच्या खात्यात काम मिळे. विणकामाच्या, म्हणजे साच्यांच्या खात्यात मिळत नसे. जास्त पगार साच्यावर होता. कारण काय सांगत? धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून काढावे लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, तेव्हा एकाचे उष्टे दुसऱ्याच्या तोंडी येणार. आणि सवर्ण कामगाराला ते चालत नव्हते. फुप्फुसात धूळ गेलेली चालत होती. १९२८ चा तो सुमारे सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरला की ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला. पुढाऱ्यांना ती नकोशी होती. मालकाशी लढताना आपसातले भांडण कशाला, असा युक्तिवाद होता. अखेर नाइलाजाने ती घालण्यात आली. मालकांचे उत्तर असे की ही बंदी आमची नव्हे, कामगारांची आहे. ते सोयीचे उत्तर होते, पण सर्वस्वी खोटेही नव्हते. कामगार चळवळीच्या इतिहासात आम्हांला हे पान सर्वांत उपयोगी वाटते, आणि नव्या कार्यकर्त्यांना आम्ही ते प्रथम वाचायला देतो. मालकाकडून काय मिळाले नाही याची यादी प्रत्येक युनियनपाशी असते. आपणच काय मागितले नाही याची यादी ठेवणारा मनुष्य बहुधा बाहेरचा ठरतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात आमचे वडील होते. ते एका गिरणीत साचेवाले होते. गिरणीचे नाव सांगून आता उपयोग नाही, तिथे आता काचेची इमारत आहे. पहिले काही महिने खानावळीची उधारी चालली, मग तीही थकली, आणि माणसे गावाकडे निघाली. कागदावर तो संप आजतागायत मागे घेतलेला नाही. १९८५ साली नवे वस्त्रधोरण आले. कापड गिरणीत विणावे की मागावर, याचा सरकारच्या लेखी फरक राहिला नाही. व्यापाऱ्याच्या लेखी मात्र मोठा फरक होता. गिरणीत युनियन होती, भविष्यनिर्वाह निधी होता, राज्य विमा होता. शेडमध्ये यातले काही नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले साचे ट्रकांनी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला गेले. आमचे वडील गावी येऊन दोन वर्षे बसले, आणि नंतर आम्हांला घेऊन इचलकरंजीला आले. त्यांनी मुंबईत चार साचे चालवले होते. इथे सहा मिळाले, पगार निम्म्याहून कमी. आम्ही चौदा वर्षांचे होतो. कांड्या पुरवण्याच्या कामाला लागलो.

त्या शेडमध्ये बायका कांड्या भरत. आजही भरतात. वहिफणीचे बारीक काम, हजारो उभे धागे एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवण्याचे, करणारा वेगळा कारागीर असतो. त्याचे डोळे पन्नाशीच्या आत जातात. कापडातील दोष शोधून गाठी काढणाऱ्या मेंडिंगच्या बायका असतात. २०१३ च्या आरंभी आमच्या गावात मजुरीवाढीसाठी मोठा संप झाला, तेव्हा पहिल्या आठवड्यात सभेला पुरुष अधिक होते. पुढे पुढे बायका अधिक येऊ लागल्या, कारण घरात पीठ किती उरले हे त्यांना ठाऊक होते. पिकाचा दर वाढला. महागाईशी तो जोडून घेतला. आम्हांला त्याचा अभिमान आहे. परंतु त्या मागणीपत्रकात नदी नव्हती.

आता नदीकडे येतो. पंचगंगा कोल्हापूरवरून इचलकरंजीला येते आणि पुढे शिरोळ तालुक्यातून जाऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कापडाचा आणि पाण्याचा संबंध शहरी माणसाला चटकन दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. उभ्या धाग्याला मागाचे ठोके सोसवत नाहीत. त्याला पिठाची खळ द्यावी लागते. ते काम सायझिंगमध्ये होते. विणून झाले की ती खळ धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग धरत नाही. धुतलेली खळ पाण्यात कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि मासे श्वास कोंडून मरतात. त्यानंतर कॉस्टिक सोड्याची उकळी, त्यानंतर ब्लीच, त्यानंतर रंग. सुती कापडाचे आजचे बहुतेक रंग भरपूर मीठ घातल्याशिवाय धाग्यावर बसत नाहीत, आणि त्यातलाही काही भाग न बसता पाण्याबरोबर निघून जातो. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची ओरड होते. मीठ दिसत नाही. सांडपाणी शुद्ध करण्याच्या नेहमीच्या यंत्रणेत खळ बरीच निघते, रंगही थोडाफार निघतो. मीठ तसेच पुढे जाते आणि शेतात बसते.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. ते विष रंगाचे नव्हते, मैल्याचे होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. नदी नासवण्यात आमच्या धंद्याचा वाटा आहे. साखर कारखान्यांचा आहे, कोल्हापूरच्या जयंती नाल्याचा आहे, आमच्या गावच्या गटारांचाही आहे. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि प्रत्येकाचे बोट बरोबर असते. मग आमच्या शहराने काय केले? नदीकाठी वसलेल्या या गावाने दुसऱ्या नद्यांची वाट धरली. आधी कृष्णेचे पाणी आणले. ते पुरेना तेव्हा वारणेचे आणायचे ठरले. दानोळीची माणसे रस्त्यावर उतरली. मग कागल तालुक्यातील सुळकूडहून दूधगंगेचे पाणी आणण्याची योजना झाली. तिथल्या गावांनीही विरोध केला. त्या गावांतील एका वयस्क शेतकऱ्याने आम्हांला विचारले, ‘तुमची नदी काय झाली?’ आम्ही शहराची बाजू मांडायला गेलो होतो. झोपडपट्टीतल्या बायका चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी रात्री जागतात, हे आम्ही त्याला सांगितले, आणि ते खरे होते. त्याने ऐकून घेतले, चहा दिला, आणि प्रश्न पुन्हा विचारला.

येथे कुणी म्हणेल की सगळे कापड इचलकरंजीत रंगवले जात नाही, मग दोष तुमच्यावर कसा? बरोबर आहे. आमचे पुष्कळसे कोरे पॉपलिन ट्रकमध्ये भरून राजस्थानात बालोतरा आणि पालीला जाते. म्हणजे आमची खळ तिथे धुतली जाते. बालोतराची लुणी नदी आणि पालीची बांडी नदी, दोन्ही बहुतेक काळ कोरड्या. त्यांच्या पात्रांतून वर्षाचे कित्येक महिने जे वाहत आले ते रंगखात्यांचे पाणी होते. गुजरातेत जेतपूरच्या भादर नदीचीही तीच कथा. आपल्या लुगड्याला जो लाल रंग आहे त्याचा मागमूस कुठल्या विहिरीत उतरला हे लुगड्यावर लिहिलेले नसते.

तामिळनाडूतील तिरुपूरचा प्रकार आम्ही जाणून घेतला, कारण तिथे प्रश्न टोकाला गेला. ते होजिअरीचे गाव. तिथल्या रंगखात्यांचे पाणी नोय्यल नदीत जाई. शेतीसाठी म्हणून खाली ओरत्तुपालयम येथे धरण बांधले, त्यात ते साठत गेले. शेवटी शेतकरीच म्हणू लागले की आम्हांला हे पाणी सोडू नका. पाण्यासाठी भांडणारा शेतकरी आपण पाहिला आहे. पाणी नको म्हणून भांडणारा शेतकरी हे नवेच. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने रंगखाती बंद करण्याचा हुकूम दिला. पुढे एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, पाणी गाळून, आटवून पुन्हा वापरायचे, मीठसुद्धा परत काढायचे, अशी यंत्रणा उभी राहिली. ती महाग आहे, विजेला भारी आहे, आणि उरलेला घन कचरा कुठे टाकायचा हा प्रश्न आहेच. पण ‘हे होऊच शकत नाही’ असे जे आम्हांला वर्षानुवर्षे सांगण्यात आले त्यात तथ्य नव्हते, एवढे सिद्ध झाले. किंमत किती आणि ती कोणी द्यायची, एवढाच वाद उरतो.

आणि नेमक्या याच वादात आमच्या माणसाला पुढे ढकलले जाते. प्रदूषण मंडळाने रंगखात्याची वीज तोडली की दुसऱ्या दिवशी मोर्चा निघतो. पुढे कोण असतो? कामगार. ‘आमच्या पोटावर पाय देऊ नका’ असा फलक त्याच्या हातात असतो, आणि तो फलक कोणी रंगवून दिला हे आम्हांला ठाऊक असते. तो खोटे बोलत नाही. काम बंद तर मजुरी बंद हे त्याच्यापुरते खरेच आहे. मोठ्या कारखान्यात काम थांबले तर निम्मा पगार द्यावा अशी तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती, पण तिथेही पन्नास माणसांची रेषा. आमच्या माणसाला ती कधी लागू झाली नाही. दिल्लीतून घातक कारखाने हलवण्याचा हुकूम १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा मात्र स्थलांतराच्या काळात कामगार नोकरीतच आहेत असे मानून त्यांना वेतन द्यावे असेही म्हटले. म्हणजे नदी आणि पोट यांत एकच निवडा, असे कुठल्या शास्त्रात लिहिलेले नाही. रंगखाते बंद ठेवल्याच्या काळातली मजुरी मालकाने आणि व्यापाऱ्याने द्यायची ठरली, तर खाते लवकर दुरुस्त होईल असे आमचे व्यवहारी मत आहे. आज ते कामगाराच्या उपासावर बंद राहते, आणि उपास स्वस्त असतो.

श्रोत्यांपैकी पुष्कळ जण कापड विकत घेणारे आहेत. त्यांच्याशीही दोन शब्द. आमच्या आईच्या लुगड्याचा प्रवास आम्ही पाहिला आहे. सणाला घडी मोडायची. दोन-तीन वर्षांनी ते रोजचे व्हायचे, मग जुनेर. जुनेराची बाळंतिणीच्या घरी बाळुती जायची, कारण नव्या कापडाने तान्ह्या अंगाला ओरखडे येतात. उरलेल्याची वाकळ. वाकळ विरली की पोतेरे, आणि पोतेरे शेवटी शेणाच्या पाटीबरोबर उकिरड्यात. पंधरा-वीस वर्षे एक कापड घरात राबे, आणि जाताना मातीला जड होत नसे. गरिबी होती म्हणून हे होते. गरिबीचे कौतुक आम्हांला नाही. परंतु आज मजुराच्या घरीही ढिगाने कपडे असतात आणि त्यांची वाकळ होत नाही. पॉलिएस्टरचा धागा घाम पीत नाही, पाणी पीत नाही, पोतेऱ्याच्याही कामाचा नाही. उकिरड्यात तो वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि धुताना त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर नदीत जातात. आमच्या गल्लीतली वाकळ शिवणारी म्हातारी कापड हाताने चोळून पाहते आणि बाजूला टाकते. म्हणते, ‘ह्याला सूत नाही.’ मराठीत दोन माणसांचे सूत जमते, सुतावरून स्वर्ग गाठतात. कबीर तर मागावरच बसलेला होता. भाषेत सूत अजून शिल्लक आहे. म्हातारीच्या परातीत येणाऱ्या चिंध्यांत कमी होत चालले आहे.

कमी कपडे घ्या असा उपदेश करायला आम्ही उभे नाही. आमच्या माणसांची चूल त्या कपड्यांवर आहे. मात्र दुकानात मीटरमागे काही रुपये वाचल्याचा आनंद होतो तेव्हा ते रुपये कोणाच्या खात्यातून आले, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे, आणि दुकानदार त्याचे उत्तर देऊ शकणार नाही.

शेवटी आमच्या घरची गोष्ट सांगून थांबतो. पुढच्या कराराचे मागणीपत्रक तयार करण्याचे काम सध्या आमच्या कमिटीत चालू आहे. पिकाचा दर, बोनस, ओळखपत्र, राज्य विमा, कानांची वर्षाला एकदा तपासणी, कांडीवाल्या आणि मेंडिंगच्या बायकांना हजेरीपुस्तकात नाव, रातपाळीला प्यायचे पाणी. ही सात कलमे एकमताने झाली. आठवे कलम असे आहे: सायझिंग आणि रंगखात्यांनी पाणी शुद्ध केल्याशिवाय सोडू नये, त्यासाठी व्यापाऱ्याने मीटरमागे वेगळी रक्कम द्यावी, आणि या कारणाने काम बंद राहिल्यास त्या दिवसांची मजुरी मिळावी. त्यावर दोन बैठका झाल्या. एका जुन्या सहकाऱ्याने उठून सांगितले की नदीचा प्रश्न पर्यावरणवाल्यांचा आहे, त्यापायी आपली मजुरीवाढ अडेल. वजनदार माणूस आहे, तीन संप त्याने पाहिले आहेत. त्याला उत्तर दिले ते कांड्या भरणाऱ्या एका बाईंनी. त्या नदीच्या बाजूच्या वस्तीत राहतात. २०१२ साली त्यांच्या घरात काविळीने एक माणूस गेले. त्या एवढेच म्हणाल्या की आठवे कलम काढायचे असेल तर सातव्यातले प्यायचे पाणी कुठून आणणार तेही लिहा. कलम अजून मसुद्यात आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यावर मतदान आहे.